राणीचे जोडे आणि कोसॅकांचें गाऱ्हाणें

ऐतिहासिक प्रेमकथेला विद्वानांच्या पंक्तींत सहसा पाट मिळत नाहीं. इतिहासकार म्हणतो, हिच्यांतील इतिहास पातळ आहे. रसिक म्हणतो, हिच्यांतील प्रेम ठरीव सांच्याचें आहे. त्यांतून अशी कथा नाताळच्या रात्रीं घडणारी असली, म्हणजे तिच्यासंबंधीं बोलण्यासारखें कांहीं उरतच नाहीं अशी समजूत असते. बाहेर बर्फ, आंत शेकोटी, जुन्या काळचे पोशाख, दुरावलेलीं दोन माणसें आणि पहाट होण्याच्या आंत त्यांचें मीलन, एवढें साहित्य जमलें कीं गोष्ट झाली! विलायती मासिकांच्या नाताळ-अंकांनीं हा माल शंभरांवर वर्षें पुरविला आणि वाचकांनीं तो आवडीनें घेतला. आमचाहि पुष्कळ दिवस असाच समज होता कीं, ह्या कथा म्हणजे सणाचें पक्वान्न. त्यांची चव घ्यावी, चिकित्सा करूं नये. परंतु ह्या जातीच्या कथांपैकीं एक, आणि तीहि सर्वांत अधिक हंसविणारी, अनेकदां वाचून झाल्यावर तिच्यांतील एका लहानशा प्रसंगापाशीं आम्ही अडखळलों, आणि तेव्हांपासून ह्या साऱ्या प्रकाराकडे पाहण्याची आमची दृष्टि बदलली. त्या अडखळण्याची हकीकत सांगणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रेमकथेला नाताळचीच रात्र कां लागते, हें प्रथम पाहूं. युरोपांतील थंड देशांत ह्या दिवसांत शेतें बर्फाखालीं असतात, औतें कोठारांत पडलेलीं असतात, आणि परगांवीं गेलेला माणूस ह्या रात्रीं घरीं परत येईल अशी सर्वांची अपेक्षा असते. दारीं आलेल्या अनोळखी पाहुण्याला परत पाठवूं नये असा संकेत असतो. जमीनदार आणि त्याचें कूळ एकाच देवळांत उभे राहतात. तरुण मुलामुलींच्या टोळ्या गाणीं म्हणत घरोघर हिंडतात आणि वडील मंडळी त्याकडे काणाडोळा करतात. सारांश, वर्षभर ज्या भिंती उंच असतात त्या एका रात्रीपुरत्या ठेंगण्या होतात. प्रेमकथेच्या लेखकाला ह्याहून अधिक सोईची रात्र कोठें मिळणार?

आतां, जुन्या काळचाच नाताळ कां? ह्याचें उत्तर इंग्लंडच्या इतिहासांत सांपडतें. सन १६४७ मध्यें तेथील प्यूरिटन पक्षाच्या पार्लमेंटनें नाताळचा सण कायद्यानें बंद केला. त्याच वर्षीं कँटरबरी शहरांत नाताळच्या दिवशीं ह्या बंदीविरुद्ध दंगा झाला. १६६० मध्यें राजा परत आला आणि त्याबरोबर सणहि परत आला. परंतु मोडलेली चाल पुन्हां जोडली तरी सांधा दिसतोच. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं खेडीं सोडून लोक कारखान्यांच्या शहरांकडे जाऊं लागले, तेव्हां "खरा नाताळ आमच्या आज्यांनीं पाहिला" ही हळहळ सार्वत्रिक झाली. ह्या हळहळींतून नाताळच्या ऐतिहासिक कथेचा जन्म झाला. ज्याला सण हरवल्यासारखा वाटतो, त्यालाच तो भूतकाळांत जाऊन शोधावासा वाटतो.

हा शोध प्रथम ज्यानें लोकप्रिय केला तो इंग्रज नव्हता, ही मौजेची गोष्ट आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंग हा अमेरिकन. त्याचें 'स्केच बुक' १८१९-२० ह्या सालांत भागाभागानें प्रसिद्ध झालें. त्यांत एका खेड्यांतील वाड्यावरच्या नाताळाचें वर्णन आहे. वाड्याचे वृद्ध धनी ब्रेसब्रिज हे जुने ग्रंथ वाचून त्यांतील चालीरीति मोठ्या निष्ठेनें पुन्हां सुरू करीत असतात. घरांतील तरुण कप्तान आणि तेथेंच वाढलेली ज्यूलिया यांच्या प्रेमाचा एक नाजूक धागाहि त्यांत आहे. मेजवानीच्या पानावर मोराच्या पिसांनीं शृंगारलेलें एक मोठें पक्वान्न येतें. पूर्वीं अशा पक्वान्नांत मोराचेंच मांस भरीत. पण ब्रेसब्रिज स्वतःच थोड्या संकोचानें कबूल करतात कीं, यंदा मोर फार मेले म्हणून आंत साध्या रानकोंबड्याच्या जातीच्या पक्ष्याचें मांस आहे. पिसें तेवढीं मोराचीं! अर्व्हिंगनें हें हंसत हंसत सांगितलें. पण पुढील शंभर वर्षांतल्या किती ऐतिहासिक कथांना हें वर्णन तंतोतंत लागू पडतें, हें पाहिलें म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणाचें कौतुक वाटतें. वरून पिसें जुन्या काळाचीं, आंतला पदार्थ आजचा. फरक इतकाच, कीं पुढच्या लेखकांनीं तें वाचकापाशीं कबूल केलें नाहीं.

चार्ल्स डिकन्सचें उदाहरण पाहा. १८४३ च्या डिसेंबरांत त्याच्या 'ख्रिसमस कॅरल'नें जो विजय मिळविला तो सर्वांस ठाऊक आहे. पण त्या कथेचा काळ त्याचा स्वतःचाच. ऐतिहासिक प्रेमकथेचा प्रयत्न त्यानें केला तो १८४६ च्या नाताळांतील 'बॅटल ऑफ लाइफ' ह्या पुस्तकांत. स्वित्झर्लंडांत राहून, एका मोठ्या कादंबरीचे हप्ते लिहितां लिहितां, त्यानें ही कथा लिहून काढली. एका प्राचीन रणभूमीवर वसलेलें खेडें, त्यांत एक विनोदी तत्त्वज्ञ डॉक्टर आणि त्याच्या दोन मुली. धाकट्या मॅरिअनचा वाग्दत्त वर परदेशांतून परत यावयाचा असतो. थोरली ग्रेस मनांतल्या मनांत त्याच्यावरच प्रेम करीत असते. नाताळच्या दिवसांत वाड्यांत नाच चालू असतां, वर दारांत पाऊल टाकतो त्याच रात्रीं मॅरिअन नाहींशी होते. बहिणीला तिचें सुख मिळावें म्हणून ती एका आत्याच्या घरीं लपून राहते, आणि ग्रेसचें लग्न होऊन पुष्कळ वर्षें लोटल्यावर प्रकट होते. ह्या पुस्तकासंबंधीं एक हकीकत प्रसिद्ध आहे. जॉन लीच ह्या चित्रकारानें मॅरिअन दुसऱ्याच एका पुरुषाचा हात धरून पळून जात आहे असें चित्र काढलें! मूळ कथेंत तसें कांहींच नाहीं. डिकन्सच्या हें ध्यानांत आलें तेव्हां वेळ निघून गेली होती, आणि मित्राचें मन दुखवूं नये म्हणून त्यानें तें तसेंच राहूं दिलें. मुलगी रात्रीं घर सोडते ती प्रियकरासाठींच, हा कथांचा सांचा चित्रकाराच्या मनांत इतका पक्का बसला होता.

परंतु आमचा प्रश्न त्या रणभूमीचा आहे. कथेच्या आरंभीं युद्धाचें वर्णन फार प्रभावी आहे. प्रेतांवर उगवलेलें धान्य अधिक हिरवें दिसतें, नांगराला गंजलेलें लोखंड लागतें. पण युद्ध कोणाचें, कोणाशीं, कशासाठीं? केव्हां आणि कोठें झालें ह्याला फारसें महत्त्व नाहीं, असें लेखक पहिल्याच वाक्यांत सांगून टाकतो. म्हणजे मेलेले हजारों लोक पुढील गोष्टीला उपमान म्हणून उपयोगी पडले: जीवन हेंहि युद्ध, त्यांतहि मूक बलिदानें. उपमा चांगली आहे. पण ज्या युद्धाला पक्ष नाहीं, तें इतिहासांतलें युद्ध नव्हे. मोराचीं पिसें येथेंहि आहेत. तीं अधिक उदास रंगाचीं आहेत एवढेंच.

आतां ज्या कथेपाशीं आम्ही अडखळलों तिच्याकडे वळूं. ती डिकन्सच्या आधींची आणि दूरच्या मुलखांतली आहे. निकोलाय गोगोल हा युक्रेनमधील पोल्टाव्हा प्रांतांत १८०९ सालीं जन्मला आणि एकोणीस वर्षांचा असतां नशीब काढण्यासाठीं पीटर्सबर्गास गेला. राजधानींत त्याला थंडी, कर्ज आणि कारकुनी यांखेरीज आरंभीं कांहीं मिळालें नाहीं. १८२९ मध्यें त्यानें आईला पत्र लिहून गांवाकडच्या चालीरीति, पोशाखांचीं नांवें आणि नाताळांत म्हणावयाच्या गाण्यांची माहिती मागविली. ह्या सामग्रींतून 'दिकांकाजवळच्या वाडीवरील संध्याकाळ' हा कथासंग्रह दोन भागांत, १८३१ व १८३२ सालीं, बाहेर आला. दुसऱ्या भागांत 'नाताळच्या आदली रात्र' ही कथा आहे. आम्हांस रशियन येत नाहीं. इंग्रजी भाषांतरावरूनच आम्ही ती वाचली आहे.

कथा अशी. दिकांका गांवांतला वाकुला नांवाचा लोहार चित्रेंहि काढतो. देवळाच्या भिंतीवर त्यानें सैतानाची फजिती रंगविल्यामुळें सैतान त्याच्यावर दांत धरून आहे. वाकुलाचें प्रेम ओक्साना नांवाच्या सुंदर आणि गर्विष्ठ मुलीवर. नाताळच्या आदल्या रात्रीं सर्व मैत्रिणींच्या देखत ती म्हणते, "सम्राज्ञी स्वतः घालते ते जोडे मला आणून दे, मी तुझ्याशीं लग्न करतें!" मुली हंसतात. लोहार जीव द्यावयास निघतो. इकडे त्याची आई सोलोखा, जी थोडीशी चेटकीणहि आहे, एकामागून एक येणाऱ्या आपल्या चाहत्यांना कोळशाच्या पोत्यांत लपविते, आणि पाव-सॉसेजांऐवजीं गांवचा मुख्य आणि ओक्सानाचा बाप पोत्यांतून बाहेर पडतात. हा भाग वाचतांना न हंसणारा माणूस आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. अखेर सैतानच वाकुलाच्या तावडींत सांपडतो, आणि त्याच्या पाठीवर बसून वाकुला आकाशमार्गें पीटर्सबर्गास जातो.

तेथें त्याला ओळखीचे लोक भेटतात. ते झापोरोझ्य कोसॅक. नीपर नदीच्या धबधब्यांपलीकडे 'सीच' नांवाचें त्यांचें तटबंदीचें ठाणें होतें. आपला मुख्य ते स्वतः निवडीत. त्यांचें एक शिष्टमंडळ सम्राज्ञी दुसरी कॅथेरीन हिच्यापुढें गाऱ्हाणें मांडावयास आलेलें असतें. वाकुला त्यांच्यांत मिसळून राजवाड्यांत शिरतो. सम्राज्ञी येते, बाजूस तिचा प्रबळ सरदार पोटेम्किन उभा असतो. कोसॅक पायांवर लोटांगण घालतात आणि त्यांचा पुढारी बोलूं लागतो. आम्हीं तुझ्या सैन्याला पेरेकोपची वाट पार करून दिली, क्रिमियाच्या तातारांशीं लढण्यास तुझ्या सेनापतींना मदत केली. मग आमच्यावर अवकृपा कां? आमच्याभोंवतीं किल्ले बांधविणार, आम्हांस साध्या फौजेंत ओढणार, असें आम्ही ऐकतों तें कशासाठीं? पोटेम्किन एका लहानशा कुंचल्यानें आपल्या बोटांवरचे हिरे स्वच्छ करीत राहतो. कॅथेरीन कळवळ्यानें विचारते, "मग तुमची इच्छा काय आहे?" कोसॅक एकमेकांकडे अर्थपूर्ण दृष्टीनें पाहतात.

आणि नेमक्या त्या क्षणीं आमचा लोहार पुढें धांवतो! आपली संधि हीच असें मनाशीं म्हणून तो जमिनीवर लोटतो आणि सम्राज्ञीच्या जोड्यांची स्तुति करूं लागतो. अशा जोड्यांची एक जोडी आपल्या बायकोला मिळाली तर! सम्राज्ञी हंसते. तिला हा भोळेपणा फार आवडतो. सोन्यानें मढविलेले जोडे ताबडतोब आणविले जातात. मग कोसॅकांच्या बायकांविषयीं थोडें थट्टेचें बोलणें होतें, वाकुलाच्या हातीं जोडे पडतात, सैतान त्याला परत घेऊन जातो, आणि आपणहि त्याच्या पाठोपाठ दिकांकास परत येतों. कोसॅकांच्या गाऱ्हाण्याचें काय झालें? कथेंत त्याचा पुन्हां उल्लेख नाहीं.

आम्ही अडखळलों तें येथें. कित्येक वर्षें आम्हीं हा प्रसंग वाचला तो वाकुलाच्या डोळ्यांनीं. जोडे मिळाले कीं आमचें काम झालें. पण एकदां मनांत आलें कीं, त्या दिवाणखान्यांत उभे राहिलेले ते मिशाळ लोक नंतर कोणत्या दारानें बाहेर गेले असतील? कथेंत सन दिलेला नाहीं. तथापि हिशेब करणें अवघड नाहीं. गाऱ्हाण्यांत उल्लेखिलेली क्रिमियाची मोहीम १७६८ ते १७७४ च्या रुसो-तुर्की युद्धांतली. पोटेम्किन दरबारांत प्रबळ झाला तो १७७४ मध्यें. आणि १७७५ च्या जून महिन्यांत तुर्कांवरून मोकळ्या झालेल्या रशियन फौजेनें त्या कोसॅकांचीच 'सीच' वेढून नष्ट केली. तेव्हां ह्या कथेला बसणारा नाताळ एकच, १७७४ चा. म्हणजे त्या लोकांना स्वतंत्र म्हणून पाहावयास मिळालेला शेवटचा. त्यांचा शेवटचा निवडलेला मुख्य पेत्रो काल्निशेव्स्की ह्याला श्वेतसमुद्रांतील सोलोव्हेत्स्की मठांत कैदेंत टाकण्यांत आलें. तो तेथें पंचवीसांवर वर्षें होता. १८०१ मध्यें त्याला क्षमा मिळाली तेव्हां त्याचें वय इतकें झालें होतें कीं तो मठ सोडून गेलाच नाहीं. १८०३ मध्यें तेथेंच मरण पावला. १७८३ मध्यें त्याच सम्राज्ञीच्या हुकुमानें पोल्टाव्ह्याकडील शेतकऱ्यांना जमीन सोडून जाण्याची बंदी झाली, म्हणजे ते भूदास ठरले. वाकुलाच्या गांवचे हे लोक. ज्या राणीनें एका दिकांकाकराला जोडे दिले, तिनेंच दिकांकाकरांच्या पायांत बेडी घातली, असें म्हटलें तर तें अलंकारिक होईल, पण खोटें होणार नाहीं.

कोणी म्हणेल, हें सर्व तुम्हीं वाचलेलें. गोगोलला केवळ हंसवावयाचें होतें. ह्या आक्षेपाला आमचें उत्तर असें. जोडे मिळविण्यासाठीं कथानकाला कोसॅकांची गरज होती ती राजवाड्यांत शिरण्यापुरती. त्यांच्या तोंडीं गाऱ्हाणें घालण्याची गरज मुळींच नव्हती; नुसता मुजरा करून ते उभे राहिले असते तरी चाललें असतें. लेखकानें गाऱ्हाणें घातलें, तेंहि खरें, आणि अगदीं उत्तराच्या उंबरठ्यावर आणून तोडलें. त्याचा १८३२ चा वाचक जाणून होता कीं 'सीच' आतां नाहीं. गोगोलहि इतिहासाविषयीं अजाण नव्हता. पुढें १८३४ मध्यें तो पीटर्सबर्गच्या विश्वविद्यालयांत इतिहास शिकवूं लागला आणि १८३५ मध्यें त्यानें कोसॅकांवरच 'तारास बुल्बा' लिहिला. आणखी एक गोष्ट. १८९५ मध्यें रिम्स्की-कोर्साकोव्ह ह्या संगीतकारानें ह्या कथेवर संगीत-नाटक रचलें, तेव्हां अखेरच्या तालमीला आलेल्या राजघराण्यांतील दोघां पुरुषांनीं आपल्या घराण्याची सम्राज्ञी रंगभूमीवर दिसते म्हणून हरकत घेतली, आणि सम्राज्ञीच्या जागीं एका पुरुष पात्राला उभें करावें लागलें. संगीतकार पहिल्या प्रयोगास गेला नाहीं. साठ वर्षें लोटल्यावरहि राजवाड्याला ती नाताळची गोष्ट निव्वळ पोशाखी वाटली नव्हती.

पण आमच्या मतें गोगोलच्या कलेचें खरें मर्म शेवटच्या पानावर आहे. वाकुला नाहींसा झाल्यावर तो बुडून मेला, फांस घेऊन मेला, अशा वावड्या गांवांत उठतात. ओक्सानाला रात्रभर झोंप येत नाहीं. सकाळीं देवळांत त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं तेव्हां तिचें मन कासावीस होतें. आणि तो जोडे घेऊन दारांत उभा राहतो, तेव्हां ती जोड्यांकडे पाहतहि नाहीं. "मला जोडे नकोत; जोड्यांवांचूनहि मी..." एवढेंच बोलून ती लाजते. प्रेमकथा म्हणून हा शेवट इतका गोड आहे कीं, त्याला कोणाची दृष्ट लागूं नये. परंतु दिवाणखान्यांतील तो क्षण ज्याच्या ध्यानांत आहे, त्याच्या घशाशीं येथें कांहींतरी अडकतें. ज्या मागणीनें एका जमातीचें गाऱ्हाणें गिळलें, ती मागणीच अनावश्यक होती! लोहाराचा ह्यांत दोष नाहीं. आपल्यामुळें काय राहून गेलें हें त्याला कळलेंहि नाहीं. दोष कॅथेरीनच्या दयेचा. जोडे देतांना तिचें कांहींच जात नव्हतें आणि कीर्ति मिळत होती. कोसॅकांना शब्द देतांना मात्र हातचें जाणार होतें. सत्ताधारी माणूस दोन अर्जांपैकीं कोणता अर्ज कौतुकानें ऐकतो, हें गोगोलनें एका वाक्यानेंहि न सांगतां दाखविलें आहे.

महाराष्ट्रीय वाचकाला येथें तानाजीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आपल्या परंपरेनें १६७० च्या कोंढाण्याची गोष्ट सांगतांना मुलाचें लग्न मागें ठेवलें आणि गड पुढें केला. हरिभाऊ आपट्यांनींहि तीच वाट चोखाळली. गोगोलच्या कथेंत क्रम उलट आहे: लग्न साधतें आणि गड जातो. आपल्याला पहिली गोष्ट अधिक उदात्त वाटते आणि ती आहेच. पण इतिहासांत दुसरीच अधिक वेळां घडते, आणि घडतांना ती इतकी गोड असते कीं कोणाच्या लक्षांत येत नाहीं. म्हणून ती सांगणाऱ्या लेखकाचेंहि आपण ऋणी असलें पाहिजे.

हें सर्व आपल्याशीं अगदींच परकें नाहीं. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, आणि सणाचा विशेष अंक काढण्याची कल्पना विलायती नाताळ-अंकांवरून आली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ मध्यें 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हांपासून फराळाबरोबर गोष्टी वाचणें हा आपलाहि कुळाचार झाला आहे. त्या गोष्टींत पेशवाईंतल्या पैठण्या, वाडे आणि पालख्या पुष्कळ येतात, आणि दिव्यांच्या उजेडांत तीं सुंदरहि दिसतात. त्यांचा आनंद घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आम्ही स्वतः तो घेतों. आमचें सांगणें इतकेंच कीं, अशी गोष्ट हातीं आली म्हणजे नायक-नायिकेचे हात जुळल्यावर पान लगेच उलटूं नये. त्याच दिवाणखान्यांत आणखी कोण उभें होतें, तें काय मागावयास आलें होतें, आणि त्याचें वाक्य पुरें झालें कीं नाहीं, हें एकदां मागें वळून पाहावें. ज्या कथेंत असें मागें पाहिल्यावर नुसतीं पिसें हातीं लागतात, ती सणापुरती वाचून ठेवून द्यावी. ज्या कथेंत तें अर्धें राहिलेलें वाक्य अजून ऐकूं येतें, ती पुढच्या वर्षीं पुन्हां काढावी. आम्ही गोगोलची गोष्ट दर वर्षीं काढतों. पोतीं उघडूं लागलीं कीं पूर्वींसारखेच हंसतों, आणि त्या दिवाणखान्यांत पोंचलों कीं क्षणभर थांबतों.